मनकर्णाबाईंच्या जात्याची निरवानिरव

मी, श्रीमती मनकर्णा बिभीषण देवकते, वय वर्षे ७२, पूर्वीचा धंदा तहसीलसमोर बसून अर्ज व दस्त टंकून देणे, सध्या बिनपगारी स्वयंसेविका, राहणार केज, जि. बीड, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकात वा भिडेत न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. लोकांची मृत्युपत्रं टंकण्यात माझी हयात गेली. स्वतःचं हे पहिलंच, आणि ते उघडल्यावर कुणाचं तोंड कसं होतं ते बघायला मी नसणार, एवढीच चुटपुट आहे.

१. राहते घर चिरंजीव परमेश्वर व कन्या अंजू यांना निम्मे-निम्मे. परमेश्वरने परळीला स्वतःचे घर बांधले आहे, तेव्हा त्याने तोंड पाडू नये. दारातला लिंब कुणीही तोडायचा नाही.

२. बँकेत असेल ते दवाखान्याला पुरून उरल्यास दोघांनी वाटून घ्यावे. पाटल्या नात स्वप्नालीला. तिने त्या मोडून मोबाइल घेतला तरी हरकत नाही, फक्त चांगला घ्यावा.

३. दीर धुळाजी यांनी आमचे तांब्याचे घंगाळ अंजूच्या बारशाला नेले, ते आजतागायत आणले नाही. मागायला गेलं की म्हणतात, "वैनी, कावून मागता? रोज आंघोळीला लागतंय की." वापरातली वस्तू हिसकू नये हे माझंच तत्त्व असल्याने मला गप्प बसावं लागतं. घंगाळ त्यांना दिले असे समजावे. माफ केलेले नाही.

४. नगरपंचायतीच्या बागेत झोपाळ्यांमागे पाण्याच्या टाकीची जुनी खोली आहे. तिथे आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी गावाचे वारसा केंद्र चालवतो. मोट, तिफण, घोंगड्यांचा माग, कंदील, सगळं लोकांनी आणून दिलेलं. प्रमुख बंकट इंगळे, एस.टी.चे निवृत्त वाहतूक नियंत्रक. त्यांनी प्रत्येक वस्तूपुढे 'हात लावू नये' अशी पाटी ठेवली आहे. एक पाटी चुकून त्यांच्याच खुर्चीला लागली, ती मी अजून काढू दिलेली नाही. माणूस चांगला आहे.

५. माझ्या सासूबाईंचं दगडी जातं मी केंद्रात ठेवलं आहे, मालकी माझी. आता घरोघरी मिक्सर आहेत, पण लग्न निघालं की खुंट्याला हळकुंड बांधून पाच सवाष्णींनी पहिली हळद जात्यावरच दळायची असते. पहिल्यांदा बागायतदाराच्या घरच्या गीताबाई आल्या. गाडी बागेच्या फाटकात उभी. म्हणाल्या, "घरात समदं हाय, जातंच न्हाई. नवरीची हळद मिक्सरात दळू का?" मी दिलं. तेव्हापासून लगीनसराईत ते केंद्रात कमी आणि मांडवात जास्त असतं.

बंकटरावांना हे पटत नाही. "बाई, फुटलं तर दुसरं कुठून आणायचं? काचेत ठेवू, लई दिवस टिकंल." टिकेल, खरं आहे. पण न फिरणारं जातं म्हणजे नुसता दगड, आणि दगड बघायला बालाघाटचा डोंगर आहे. माझ्यामागे ते काचेत जाईल, या एकाच गोष्टीची मला काळजी आहे.

जातं पोहोचवायला मीही बरोबर असते. मग मांडवाच्या कडेला बसते, कारण विधवेने त्या हळदीला हात लावायचा नाही असा रिवाज. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही असं टंकलं होतं. मृत्युपत्रात खोटं नको म्हणून तो कागद फाडून दुसरा घेतला.

६. जातं केंद्राला दिले, पण मागेल त्या लग्नघरी ते जात राहील तोवरच. ज्या दिवशी ते काचेत जाईल त्या दिवशी मालकी धुळाजी यांची. ते वस्तू परत देत नाहीत हे कलम तीनवरून दिसून येईल.

७. माझे टंकलेखन यंत्र केंद्राला. बंकटरावांनी काचेची हौस त्यावर भागवावी.

यापुढचा मजकूर हाताने लिहिला आहे. आज बंकटरावांच्या नातीची, तेजश्रीची हळद. जातं मागायला ते स्वतः माझ्या दारी आले. "पोरगी ऐकंना," एवढंच बोलले. केंद्रातून एका बाजूने त्यांनीच उचललं. साक्षीची सही घ्यावी म्हणून हे कागद मी पिशवीत नेले होते.

नेहमीप्रमाणे कडेला बसले. चौघी जात्याभोवती बसल्या, तशी तेजश्री म्हणाली, "पाचवी मनकर्णाआजी." कुणीतरी रिवाज काढला. बंकटराव तिथेच उभे होते. म्हणाले, "रिवाज माज्या घरचा हाय. बसा बाई, लावा हात."

मी लावला. आमचे मालक वारल्यापासून पहिल्यांदा. मला रडू आलं, लपवलं नाही. हळद जराशी जाडीभरडी झाली, पण नवरीला चालते म्हणे.

कलम सहाची आता गरज दिसत नाही, पण टंकलेलं वाया जाऊ देत नाही. धुळाजी भावजींनी मात्र आशा ठेवू नये.

सहीशेजारची पिवळी बोटं माझीच आहेत. ती हळद आहे, खाडाखोड समजू नये.

केज, दिनांक १५ मे २०२५
सही: मनकर्णा बिभीषण देवकते

साक्षीदार:
१. बजरंग बद्रीनाथ लांडगे, स्वयंसेवक. समक्ष सही केली.
२. बंकट हनुमान इंगळे. बाई शुद्धीत आहेत. पुढचं लग्न रविवारी आहे, जातं मी पोहोचवतो.