आईच्या खाटेच्या जागी माशांची टाकी

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

आधी शेवटचं लिहितो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. आई ठणठणीत आहे. घरीच आहे, जेवली आहे आणि आत्ता समोर बसून माझ्या अक्षराला नावं ठेवते आहे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर डॉक्टरकडे ने; तुझे काढे पिऊन तो थांबला असता तर मागच्या वर्षीच थांबला असता.) हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही हकीकत अर्ध्यावर तोडण्यासारखी नाही.

आई न्हाणीघरात पडली तेव्हापासून तिच्या खोलीत कॅमेरा आहे, हे तुला माहीतच आहे. कल्पना तुझीच होती (तक्रार नाही, नुसती आठवण). कॅमेरेवाल्याने तेव्हा मला मधे मधे टिंबं असलेला एक लांबलचक आकडा दिला. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या घराचा पत्ता. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो टाकला आणि पासवर्ड दिला की आई दिसते. हा पत्ता बदलणार तर नाही ना, असं मी तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, "स्टॅटिक करून दिलाय काका, आता हलायचा नाही." मला तो 'काका' तेवढा खटकला. बाकी सगळ्यावर मी विश्वास ठेवला.

परवा दुपारी दुकानात एक वकीलबाई चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या नाकावर तपासणीची जाडजूड फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण लावलं, समोरची अक्षरं वाचायला सांगितली आणि सवयीने कॉम्प्युटरकडे नजर टाकली. मधेच चित्र गेलं होतं आणि पासवर्ड विचारत होता. मी तो दिला. चित्र आलं. ताई, आईची खाट नव्हती! आईही नव्हती. खाटेच्या जागी माशांची भलीमोठी टाकी, भिंत हिरवीगार, आणि टाकीपुढच्या सोफ्यावर बनियन घातलेला एक लठ्ठ गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेला. आता तू म्हणशील, त्यावरूनच कळायला हवं होतं की हे आपलं घर नव्हे. सांगायला सोपं आहे. माझ्या डोक्यात एवढंच आलं की घरात कुणीतरी शिरलं आहे आणि त्याने आईला कुठेतरी हलवलं आहे. (चोर येताना स्वतःचे मासे का आणेल, हा प्रश्न मला घरी पोचेपर्यंत पडला नाही.) आईला फोन लावला, तो वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वकीलबाई खालच्या ओळीपर्यंत वाचत गेल्या होत्या, मी पुढचं काही सांगत नाही म्हणून त्यांनी वळून पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, मी येते." दुकान उघडं टाकून आम्ही टॅक्सीत बसलो. वाटेत त्यांनी मला पाणी पाजलं आणि ड्रायव्हरला असा दम भरला की तो एकाही वळणावर रेंगाळला नाही.

जिना मी कसा चढलो ते मला आठवत नाही. किल्ली कुलपात जाईना, ती वकीलबाईंनी लावली. दार उघडलं तर आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती. फोन तिच्या खोलीत उशीखाली होता. माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढ्या लवकर? जेवायला काही उरलेलं नाही हं." मी तिथेच फरशीवर बसलो आणि तिचा पाय धरून रडलो. लाज वाटण्याइतका रडलो, पण खरं सांगतो, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत वकीलबाईंकडे बघत राहिली. बाईंच्या नाकावर अजून ती फ्रेम होती, एका डोळ्यावरच्या झाकणासकट. "ह्यांच्या डोळ्याला काय झालं गं बाई?" आईने विचारलं.

मग वकीलबाईंनी फ्रेम उतरवली आणि कॅमेरेवाल्याला फोन लावून त्याची उलटतपासणी घेतली.

"पत्ता स्टॅटिक आहे असं तुम्ही सांगितलं होतं. हो की नाही?"

"हो, पण मी आतला केला होता."

"आतला म्हणजे?"

तेव्हा उलगडा झाला. पत्ते दोन असतात. घराच्या आत राउटर कॅमेऱ्याला, कॉम्प्युटरला, टीव्हीला आपापला पत्ता देतो. त्यातला कॅमेऱ्याचा त्याने पक्का केला होता, म्हणजे स्टॅटिक. पण अख्ख्या घराचा बाहेरचा पत्ता इंटरनेटची कंपनी देते, आणि तो डायनॅमिक, म्हणजे आज हा तर उद्या दुसरा. राउटर बंद करून पुन्हा लावला की नवा मिळू शकतो आणि जुना दुसऱ्या कुणाला जातो. आपला जुना ज्या घराला गेला, तिथेही ह्याच माणसाने कॅमेरा बसवला होता आणि पासवर्डही हाच ठेवला होता. (सगळीकडे एकच ठेवतो. म्हणे, लक्षात राहतो.) वकीलबाई त्यावर काय बोलल्या ते आईसमोर लिहीत नाही.

माशांच्या टाकीवरून त्याला गिऱ्हाईक लगेच ओळखू आलं. मी स्वतः त्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली आणि तुम्हाला झोपलेलं पाहिलं, असं सांगून टाकलं. त्यांनी हळूच विचारलं, "घोरत होतो का?" कॅमेऱ्याला आवाज नाही म्हटल्यावर त्यांनाही हायसं वाटलं. त्यांचा पासवर्ड बदलला, आपलाही बदलला. कंपनीकडून बाहेरचा पत्ताही स्टॅटिक करून घेतला आहे. तुझ्या फोनमधला जुना काढून टाक, नवा सोबतच्या चिठ्ठीत आहे. आता कुणी राउटर कितीही वेळा बंद करो, आपलं घर जागचं हलणार नाही. मी रात्री गाढ झोपतो आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. राउटर कोण बंद करतं, याचा शोध लागला. आईच. त्याचा दिवा डोळे मिचकावतो आणि दुपारची झोप लागत नाही, म्हणून.

ता. क. २. नवा पत्ता टाकलास तरी तुला काही दिसणार नाही. चौकशी चालू असताना आईला पहिल्यांदाच नीट कळलं की आपण दोघं तिला दिवसभर बघत असतो. ती एवढंच म्हणाली, "बघता दोघंही, बोलत कुणी नाही." आणि कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा चढवला. मी आता दुपारी जेवायला घरी येतो. तरी अभ्रा आहे तिथेच आहे.

ता. क. ३. पत्र आईने वाचलं. अक्षराबद्दल तिचं मत बदललेलं नाही. अभ्रा काढायला तिची हरकत नाही, असं लिहायला सांगते आहे. फक्त तो ताईने स्वतः येऊन काढायचा.