अकारविल्हे ऐकलेली रेकॉर्ड

तबकडी उलटवून दुसरी बाजू लावत होते, बाबा, तेव्हा सोफ्यावरून तुमची नात म्हणाली, "आई, यू सेड इट ओपन्स लाउड. इट डझन्ट." तिच्या फोनवर माझं दहा वर्षांपूर्वीचं परीक्षण उघडं होतं. रविवारची दुपार होती. जर्सी सिटीतल्या आमच्या खिडकीखालून मॅनहॅटनची गाडी निघाली होती. मी म्हटलं, असेल, आता आठवत नाही. ती नववीत आहे, असली उत्तरं तिला चालत नाहीत. तिने परीक्षणातला गाण्यांचा क्रम मोठ्याने वाचला आणि पाकिटाच्या मागच्या यादीशी लावून पाहिला. एकही गाणं जागेवर नव्हतं. मग तिलाच सापडलं. "यू हर्ड इट इन अल्फाबेटिकल ऑर्डर," ती म्हणाली आणि हसत सुटली. मी सुई उचलून ठेवली.

झालं ते असं. दिवसा मी विमा कंपनीत काम करते आणि उरलेल्या वेळात एका संगीतविषयक वेबसाइटसाठी परीक्षणं लिहिते. अल्बम बाजारात येण्याआधी आम्हाला त्याच्या फाइल्स मिळतात. मी त्या फोनवर घेतल्या, फोनने त्या अकारविल्हे लावल्या आणि मी आठवडाभर कामावर जाता-येता तशाच ऐकल्या. अल्बममधलं एकमेव गिटारचं, ओरडून म्हटलेलं गाणं पहिलं आलं. प्रत्यक्षात ते शेवटचं आहे. सुरुवातीचा संथ, नुसत्या पियानोचा तुकडा सातवा आला. मी लिहिलं की या बँडला आता कुठून कुठे जायचं हेच कळत नाही, आणि इथली शांतता वाट चुकून आलेली आहे. इतर परीक्षकही नाराज होते, पण त्यांचं म्हणणं एवढंच की गिटार कुठे गेली. बांधणीच नाही, असं लिहिणारी मी एकटी.

हा बँड तुम्ही ऐकला आहे. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात एम.एस. करत होते, तिघींनी मिळून घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये राहत होते, आणि पहिल्या हिवाळ्यात मला बोलायला कुणी नव्हतं. तेव्हा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावातली ही चार मुलं दोन-दोन मिनिटांची गाणी अशी म्हणत की जणू बस सुटायच्या आत सगळं सांगून टाकायचंय. गावाकडचे उच्चार त्यांनी लपवले नव्हते. एका रविवारी मी फोन स्पीकरजवळ धरून तुम्हाला एक गाणं ऐकवलं. तुम्ही टाकून बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, ड्रमवाला लयीला पक्का आहे. गाणारा घाई करतो, पण खोटं गात नाही. मग म्हणालात, "यांचं वय होऊ दे. मग ऐकव." पुढे दोन वर्षांनी तुम्ही गेलात. दुसऱ्या अल्बममध्ये ते मोठ्या मैदानांसाठी वाजवू लागले आणि सगळीकडे कौतुक झालं. तिसऱ्यात त्यांनी गिटारी बाजूला ठेवल्या. गाणारा खालच्या पट्टीत आला, गाणी सात-सात मिनिटांची झाली, ड्रमवाला एकेक ठोका उशिरा, जपून टाकू लागला. त्यांचं वय झालं होतं.

आता त्याच अल्बमला लोक त्यांचं सर्वांत चांगलं काम म्हणतात. दहा वर्षांनी तो नव्याने निघतोय, सोबत एक पुस्तिका आहे, आणि तिच्यात बँडला माझं परीक्षण छापायचंय. पुस्तिकेच्या संपादकाने सांगितलं की ते मुळीच रागावलेले नाहीत, उलट त्यांना ते आवडतं: एका जाणत्या माणसाने विचार करून दिलेला नकार. होकार सोमवारपर्यंत कळवायचा आहे. आज दुपारपर्यंत मला याचा अभिमान वाटत होता.

तुम्हीही दिवसा नोकरी करून लिहायचात. नागपुरातल्या त्या दैनिकासाठी रविवारची परीक्षणं तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत असा. एकदा स्कूटर पंक्चर झाली आणि तुम्ही सभागृहात पोचलात तेव्हा गाणाऱ्या बाईंचा बडा ख्याल होऊन गेला होता, द्रुत चालू होतं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि घरी येऊन काही लिहिलं नाहीत. सकाळी दैनिकाचा माणूस दारात आला. म्हणाला, तुम्हाला त्यांचं गाणं माहीत आहे, विस्ताराबद्दल दोन ओळी घाला की. तुम्ही म्हणालात, तो मी ऐकलेला नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, बाबा, कुणाला कळणार होतं? मी बारा वर्षांची होते. तुम्ही कांदा चिरत होतात. वर न बघता म्हणालात, "तिला कळेल. तो पाऊण तास ती गायली आहे." त्या रविवारी तुमच्या जागी शिलाई मशीनची जाहिरात आली. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. वर्गात माझ्या वडिलांचं नाव पेपरात येतं म्हणून मी मिरवत असे.

आज संध्याकाळी मी सगळा अल्बम त्यांच्या क्रमाने ऐकला, दोनदा. पियानो एकटा सुरू होतो. मग एकेक जण आत येतो, जसं कुणी बसलेल्या माणसाशेजारी न बोलता येऊन बसावं. गिटार शेवटपर्यंत रोखून धरली आहे. ती आली की कळतं, इतका वेळ तिचीच वाट बघायला लावलं होतं. फार चांगलं काम आहे, बाबा. तुम्ही मान हलवली असती.

मी आता संपादकाला काय सांगायचं ते जुळवते आहे. फोनने क्रम बदलला म्हणून मत चुकलं, एवढं सांगितलं की सुटका. लोक हसतील आणि विसरतील. पण खरं हे आहे की क्रम बरोबर असता तरी मी बहुधा तेच लिहिलं असतं. त्या बँडने मोठं व्हायला नको होतं मला. स्टेट कॉलेजच्या त्या खोलीत ज्यांनी सोबत केली ती मुलं मला तशीच हवी होती, आणि तुमच्यामागे तीही जाताहेत हे दुसऱ्याच गाण्यात कळल्यावर मी ऐकणं बंद केलं होतं. उरलेला आठवडा मी फक्त वाक्यं शोधत होते. एवढंच सांगायचं होतं. हे कुठे पाठवायचं नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी संपादकाला फोन केला आणि क्रमाची चूक सांगितली. तो हसला, म्हणाला, मग काढून टाकू. मी म्हटलं, छापा, पण खाली माझ्या तीन ओळी हव्यात. पहिल्या दोन फोनने बदललेल्या क्रमाच्या होत्या, तिसरी मी ऐकणं बंद केल्याची. ती ऐकल्यावर त्याने विचारलं, हिची खरंच गरज आहे का. मी हो म्हटलं. त्याने ती लिहून घेतली.