तिघांचं जोडपं

ता. ४ जून

प्रिय नर्सबाईस, स. न. वि. वि.

मिशनच्या कचेरीने नकार दिला. त्या खेड्यातल्या केंद्रावर पुन्हा सेवेला जायचं म्हणून मी अर्ज केला, तर म्हणे तिथे ज्येष्ठ जोडपीच पाठवतात. म्हणजे नवरा गेला की बाईची अक्कलही त्याच्याबरोबर पुरली समजायचं! शाळेत आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या, एकीलाही नवरा नव्हता. शाळा बुडाली का? साहेबाला फोनवर हेच विचारलं, तर तो मला आजी म्हणाला. आजी!

आपण दोन्ही जोडपी तिथून परतलो तेव्हापासून बायकांचा वाचनवर्ग बंदच आहे. निम्म्या जणी जोडाक्षरांपाशी अडकून बसल्यात. इथे लेक म्हणतो, आई, आता आराम कर. सून तर हातातला झाडूसुद्धा काढून घेते. आराम करून करून माझा जीव जाईल.

तुझ्या गुडघ्यांना म्हणावं, नखरे पुरे. भावोजींना सलाम. लोभ कमी केलास तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी,
मास्तरीण

ता. १२ जून

प्रिय मास्तरीणबाईंस, स. न. वि. वि.

पत्र कसलं, निखाराच तो! ह्यांना वाचून दाखवलं. हे जन्मभर लोकांचे नळ जोडत आले, बोलणं कमीच. शर्ट चढवला आणि थेट कचेरी गाठली. आल्यावर म्हणाले, आपण दोघं पुन्हा सेवेला जातोय आणि मास्तरीणबाई आपल्याबरोबर येतायत. जोडप्याला घरचं एक माणूस नेता येतं म्हणे. साहेबाने नातं विचारलं, तर ह्यांनी बेधडक थोरली बहीण म्हणून सांगितलं.

मी कपाळाला हात लावला. देवाच्या कामाला निघताना खोटं? तर मलाच विचारतात, तिच्या नवऱ्याला शेवटी रोज अंघोळ कोण घालत होतं? मीच ना? ते काय शेजारी म्हणून?

मी कपाळावरचा हात काढला. तिथे दोघींत मिळून असलेल्या एका शेगडीवरून तू माझ्याशी अबोला धरला होतास, तेव्हा आपले दोघींचे नवरे मागच्या पायरीवर बसून आपल्याला हसायचे. आठवतं ना?

अडचण एकच. जोडप्याला खोली एकच मिळते. आपण दोघी खोलीत झोपू, हे वाचनवर्गातल्या बाकावर झोपतील. आता नाही म्हणू नकोस. तू नसलीस तर तिथे मी भांडू कुणाशी? माया आहेच, ती घेऊन ये.

तुझी,
नर्सबाई

ता. १८ जून

प्रिय नर्सबाईस, स. न. वि. वि.

भावोजींना सांग, खोट्याबद्दल मी त्यांना चांगलंच फैलावर घेणार आहे. बहीण म्हणाले ते ठीक, पण थोरली? धाकटी म्हणायला काय झालं होतं?

लेकाने दोन दिवस तोंड फुगवलं. आज स्वतःच माळ्यावरून माझी बॅग काढून पुसून ठेवली. तेव्हा येते. पण बाकावर भावोजी झोपणार नाहीत. नवरा-बायकोला वेगळं झोपवायला मी काही हॉस्टेलची मेट्रन नाही. खोली तुमची, बाक माझा. कीव करायला बसू नकोस. इथे एवढ्या मोठ्या पलंगावर माझा डोळा लागत नाही. कूस बदलली की हात रिकाम्या जागेवर पडतो. तो बाक एका माणसापुरताच आहे. तिथे मला झोप लागेल.

शेगडी मात्र सकाळी आधी मला. मायेत खंड नको, भांडणातही नको.

तुझी,
नणंद