फाटकावरची फुंकर

माइन कॉलनी, तालुका तुमसर
१२ जानेवारी १९८४

ती. शेवंताबाईस,

सवयीनं नावाआधी 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. तुले वाचता येत नाही. हे दुसरंच कोणी वाचून दाखवन, म्हणून धाडणार नाही.

खाणीच्या फाटकावर मी लोकायचं तोंड हुंगतो, हे तुले मालूम आहे. दारूचा वास आला का खाली उतरू देत नाही. दिवाळीत भाऊजीच्या तोंडाले तिसऱ्यांदा वास आला. सायबाले मीच सांगितलं. त्यायचं काम गेलं.

मंग भाऊजी रोज सकाळी रांगेत येत, माह्या तोंडावर फुंकर मारत अन् म्हणत, "पाह्य सेवकराम, सोडली." वास नसे. सायबाले माहा एक शब्द पुरला असता. मी म्हणत राहिलो, उद्या पाहू. त्यायनं असं रोज यावं, हे मले बरं वाटे.

भाऊजी बुडाले त्या दिवशी तलावावर मी पहिला पोचलो. चपला काठावर जोडून ठेवल्या होत्या. त्या मीच पाण्यात लोटल्या.

तू दिघोरीत सगळ्यायले सांगून राहिली का, पिऊन होते म्हणून पाय घसरला.

बाई, ते फाटकावरूनच सरळ तलावावर गेले होते. त्याही सकाळी त्यायनं फुंकर मारली होती. वास नव्हता.

तुहा भाऊ,
सेवकराम