तीननंतर पाच

२ मार्च
तैपेईच्या साथ-नियंत्रण कक्षात आज रुजू झालो. वीस वर्षं विनोदी कार्यक्रमांत सरकारची टिंगल करून पोट भरलं. आता दुपारी दोनच्या बातमीपत्राला हसरा चेहरा चढवायचा पगार सरकारच देणार! खुशीत अननसाचे केक नेले. परिचारिका च्यू ताईंनी खोकंच बाहेर ठेवलं. म्हणाल्या, काका, आपल्या बोलीत अननस म्हणजे भरभराट. इथे कसली भरभराट हवीय तुम्हाला?

५ मार्च
चौथा रुग्ण सापडला. आमच्या बोलीत 'चार' आणि 'मरण' कानाला एकच. टीव्हीवर ऐकून लोक दुकानांवर तुटून पडतील. मी सुचवलं, चार असलेला नंबर वाचायचाच नाही. तीननंतर थेट पाच. कक्षाचे प्रमुख त्सेंग साहेबांनी टाळी दिली.

१२ मार्च
च्यू ताई आता चहाचे कपसुद्धा चौथा वगळून, तीननंतर पाच असे मोजतात. आज लाय नावाच्या आजींचा फोन. म्हणाल्या, मी चार नंबर, विलगीकरणाच्या हॉटेलात कोंडलंय, डबा येत नाही. तीन झाला, पाच झाला, मी काय मेले का रे? मी म्हटलं, आजी, नंबर घेतला नाही म्हणजे बऱ्या झालात. सगळे खो खो हसले.

२० मार्च
आजींचे फोन थांबत नाहीत. डबे, डॉक्टर, सगळं म्हणे आमचं बातमीपत्र बघूनच निघतं. साहेबांना सांगितलं. म्हणाले, आता चार वाचला तर इतके दिवस लपवला म्हणून बोंब होईल. चौदा, चोवीस नंबरवालेही त्याच हॉटेलात आहेत.


२८ मार्च
ताप. माझा नंबर चव्वेचाळीस. एकदा नव्हे, दोनदा!
हॉटेलच्या लिफ्टमध्ये तीनच्या वर पाचचं बटण. मला जिन्याने चौथ्या मजल्यावर नेलं. दाराला बाहेरून कडी.

३० मार्च
डबा नाही. कक्षात फोन केला. च्यू ताई घाईत. म्हणाल्या, काका, तुमचा नंबर नाही आला, म्हणजे बरे झालात ना? मागे कुणीतरी हसलं.
माझंच वाक्य.

१ एप्रिल
नळाचं पाणी पितोय. फोन बंद पडला. भिंतीवर टकटक— शेजारच्या खोलीत लाय आजी! आवाजावरून ओळखलं मला. म्हणाल्या, आलास का बाळा? झालास का बरा?

३ एप्रिल
आजी बोलत नाहीत. भिंत बडवली. नाहीत.
टीव्हीवर एकोणचाळीस, मग पन्नास. आजही एकही मृत्यू नाही—

३ एप्रिलनंतरचा दिवस
जिन्यावर पावलं. च्यू ताईंचा आवाज! स्वतःहून आल्या— डबे ठेवतायत, दारं मोजत. माझं दार आजींच्या पुढचं. ओरडतोय, आवाज फुटत नाही—
एक.
दोन.
तीन. आजींचं.
आता मा—
पावलं माझ्या दारावरून पुढे. पाच.