भरदुपारी ओला वाफा

कारेलीबाग, बडोदे
११ जून १९८६

मंदाताईंना निरुपमाचा नमस्कार.

डभोईला नीट पोचलात ना? निघताना भेटला नाहीत. तुमचा थर्मामीटर इथेच राहिला. कापसात गुंडाळून ठेवला आहे. गणिताचे शिबिर रविवारी संपले. एकोणसाठ मुली वह्या घेऊन घरी गेल्या. साठावी, आपली सुनेत्रा, परवा दवाखान्यातून घरी गेली. ताप नाही. मूत्रपिंडे शाबूत आहेत, असे डॉक्टर म्हणाले. तुम्हाला लगेच कळवायला हवे होते, पण आधी एका ठिकाणी जाऊन यायचे होते.

जेवते का, हे तुम्ही विचारणारच. खिचडीला नाक मुरडते, म्हणजे बरी आहे.

आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडांचे काही सांगता आले नसते, असेही डॉक्टर म्हणाले. तुम्ही नसतात तर तो दिवस मी जाऊ दिला असता. मंदाताई, मी तुमची फार आभारी आहे. मला हे म्हणायची सवय नाही, ते तुम्ही तीन आठवडे पाहिलेच आहे.

मी तुम्हाला पाण्याचा तक्ता दाखवला होता, आठवते? दर तासाला एक पेला, प्रत्येक मुलीच्या नावापुढे खूण. बेचाळीस अंशांत गणित शिकवायचे तर शिस्त हवी, असे वर ऐकवलेही. तुम्ही तक्त्याकडे पाहिलेच नाहीत. खिडकीबाहेर पाहून म्हणालात, "बाई, भरदुपारी मोगऱ्याचा वाफा ओला कसा?"

"माळी चांगला आहे," मी म्हणाले. तुम्ही हसलात. मला ते आवडले नाही.

त्याच दिवशी चारच्या सुमारास सुनेत्राला हुडहुडी भरली. ऊन लागले, कांद्याचा रस लावा, असे मी सांगितले. तुम्ही तिच्या पाठीला हात लावलात तशी ती कळवळली. तिच्या कानाशी काहीतरी विचारलेत, रिक्षा बोलवायला सांगितलीत, आणि ती येईपर्यंत स्वयंपाकघरातला वरवंटा आणून वर्गामागच्या स्वच्छतागृहाचे कुलूप फोडलेत. सगळ्या मुलींदेखत.

"मंदाताई, तुम्ही नर्स, तुमचं काम तापापुरतं!" मी ओरडले.

"तापाचंच तर करते आहे. छोकऱ्या पाणी पीत नाहीत बाई, खिडकीतून ओततात. प्यायल्या तर जायचं कुठं?"

दवाखान्यात तिचे वडील मोहनराव रेल्वेच्या कामावरून तसेच आले. त्यांना मी म्हणाले, ऊन बाधले. त्यांनी मला हात जोडले आणि मी जोडू दिले. तुम्ही शेजारी उभ्या राहून हे ऐकलेत. दुसऱ्या दिवशी निघून गेलात.

ते कुलूप माझे होते. मुली तिथे गप्पा मारत बसतात म्हणून अकरा ते पाच मीच लावत असे. किल्ली माझ्या कमरेला. दुसरे स्वच्छतागृह उन्हातून मैदानापलीकडे, आणि जायचे तर पुरुष शिक्षकांसमोर हात वर करून माझी परवानगी घ्यायची. तेरा वर्षांची कोणती मुलगी घेईल?

काल प्रतापनगरला मोहनरावांकडे गेले आणि हे सगळे सांगितले. आतून सुनेत्रा ओरडली, "पप्पा, बाईंना रागवू नका! मोगऱ्याला सगळ्यात जास्त पाणी मीच घालायचे!"

"राग आलाय बाई," मोहनराव म्हणाले. "जाईल तेव्हा जाईल. ताळं तोडणाऱ्या बहेन कुठं राहतात, ते सांगा."

तुमचा पत्ता दिला आहे. रविवारी बापलेक येतील. खिचडी करू नका.

अहवालात मी कारण 'उष्मा' लिहिले होते. ते खोडून खरे लिहिले: कुलपामुळे लघवी तुंबवून झालेला संसर्ग. विश्वस्त मला पुढच्या मे महिन्यात ठेवतील की नाही, माहीत नाही. मी असो वा नसो, मुलींचे वेळापत्रक आधी तुमच्या नजरेखालून जावे, असे त्यांना लिहून दिले आहे. त्या दाराचा बाहेरचा कोयंडा काढला, आतून कडी बसवली.

मोगरा मात्र पार सुकला. माळी आळशीच निघाला.

थर्मामीटर टपालाने पाठवत नाही. न्यायला या.

सर्वांदेखत तुमच्यावर ओरडलेली, आणि माफीही सर्वांदेखतच मागणार असलेली,
निरुपमा