राखेखालची तनीस

माय, फुकनीनं दम मोजाचं तुले कोनी शिकवलं होतं? हे मी तुले कधी विचारलंच नाई. सकाळी चुलीतल्या राखेत कालचा निखारा राहे. तू फुकनी तोंडाले लावत होती. एका दमात जाळ धरला त त्या दिवशी धानाच्या रोवन्याले जात होती. तीन-चार दम लागले त घरीच बसून बिड्या वळत होती. फुफ्फुस खराब झाले असं डॉक्टर म्हने, पन आज किती खराब, थे तुले फुकनीच सांगे.

आता गावात थो नवीन आजार आला आहे. समोरच्या घरचे दोघं तिरोड्याच्या दवाखान्यात नेले. काल आशाताई तोंडाले फडकं बांधून आली अन् विचारलं, घरात कोनाले जुना आजार आहे का. मी म्हनलं, नाई. माहा दम्याचा पंप तांदळाच्या डब्यात लपवला होता. मले नेलं त पोरीले कोन पाहील? दोन वर्साची आहे, अजून अंगावर पिते.

आशाताई दारातच थांबली. "मंग छाती काऊन वाजते वो तुही? इथवर आयकू येऊन राहिली."

थे म्हने, ज्याचे फुफ्फुस आधीच कमजोर, त्याले हा आजार लवकर पाडते, म्हून आधी पाहून ठेवाचं. तिनं माह्या बोटाले चिमट्यावानी मशीन लावली. आत लाल उजेड. मी वाकून पाहून राहिली, नखातून आतला दम कसा दिसत असंल? तुले दाखवाले पाहिजे होती. मंग म्हने, सहा मिनिटं आंगनात चाल, परत बोट दे. थे शेजारी गेली तशी मी गोठ्यामागं दगडावर जाऊन बसली. तिची चाहूल आली तवा उठली. आकडा चांगला आला. "मस्त आहे," म्हने.

अन् मले एकदम तुहा चेहरा दिसला, एका दमात जाळ धरल्यावरचा.

आज सकाळी सिलिंडर सोडून चूल पेटवली. तुहीच फुकनी. पाच दम लागले अन् डोळ्यापुढं अंधारी आली. पोरगी पदर ओढून राहिली होती. मी आशाताईले फोन केला. म्हनलं, ताई, मशीन घेऊन या, काल मी बसली होती. थे चिडली नाई. पंप हातात घेऊन बस म्हने, आलीच.

तिची वाट पाहता पाहता हे लिहून राहिली. माय, तुहा दम तेवढा नव्हता. तू उठाच्या आधी मी राखेखाली धानाची वाळली तनीस दाबून ठेवत होती. एका दमात धरलं की तू हासत होती, म्हून. तू धानाच्या बांधीत पडली अन् परत उठलीच नाई, त्या दिवशीबी ठेवली होती.

हा कागद चुलीत टाकनार होती. नाई टाकत. कागदानं जाळ लवकर धरते.